ट्रॉय, धुरळा आणि काचेची प्लेट

ट्रॉय म्हटलं की आपल्याकडे लाकडी घोडा आठवतो, हेलन आठवते, आणि अलीकडच्या पिढीला ब्रॅड पिट आठवतो. मी ज्या ट्रॉयमध्ये राहतो तिथे यांपैकी काहीही नाही. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या पूर्व काठावर हे छोटं गाव आहे. १७८९ साली गावकऱ्यांनी सभा भरवून जुनं डच नाव टाकलं आणि एकदम होमरच्या महाकाव्यातलं नाव उचललं. हौसेला मोल नसतं म्हणतात ते हेच!

नाव उसनं असलं तरी गावाची कमाई मात्र स्वतःची. इथलं रेन्सेलर पॉलिटेक्निक १८२४ सालचं. ब्रुकलिन ब्रिज पुरा करणारा वॉशिंग्टन रोबलिंग इथेच शिकला आणि जत्रेतल्या उंच पाळण्याचा जनक जॉर्ज फेरिसही इथलाच विद्यार्थी. हेन्री बर्डनने घोड्याचे नाल यंत्रावर बनवायला सुरुवात केली तीही या गावात. आणि आणखी एक धागा तर थेट आपल्या घरात येतो. जुन्या पॉपलीनच्या किंवा शर्टिंगच्या ताग्यावर 'सॅनफोराइज्ड' असा शिक्का असायचा, आठवतंय? धुतल्यावर कापड आटू नये म्हणून केलेली ती प्रक्रिया सॅनफर्ड क्लुएट नावाच्या इंजिनियरने १९३० च्या सुमारास शोधली. तो इथल्या कॉलर बनवणाऱ्या कंपनीत काम करायचा. गिरणगावात विणलेल्या कापडावर ट्रॉयच्या माणसाचं नाव छापलेलं असायचं, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

पण आजचा विषय कापड नाही. विषय आहे खेळाचे फोटो, आणि ते काढणारी माणसं.

इथे आल्यावर पहिली काही वर्षं मी बेसबॉलकडे नाक मुरडूनच पाहिलं. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला तो खेळ म्हणजे फुलटॉसची स्पर्धा वाटते. पण गावात राहायचं तर गावाचे देव माहीत हवेत, आणि ट्रॉयचे देव बेसबॉलवाले आहेत. १८७९ ते १८८२ अशी चार वर्षं या गावाचा संघ अमेरिकेच्या सर्वोच्च लीगमध्ये, नॅशनल लीगमध्ये होता. पुढे 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेलेले पाच खेळाडू १८८० साली या एका संघात होते. त्यांच्यातल्या रॉजर कॉनरने १० सप्टेंबर १८८१ रोजी लीगच्या इतिहासातला पहिला 'ग्रँड स्लॅम' मारला. म्हणजे तिन्ही बेसवर धावपटू उभे असताना चेंडू थेट बाहेर. तोही शेवटच्या डावात, दोन गडी बाद झालेले, संघ तीन धावांनी मागे. जावेद मियाँदादचा शारजातला षटकार आठवा आणि त्यात आणखी तीन धावा मिळवा.

या क्षणाचा फोटो नाही. असणं शक्यच नव्हतं. त्या काळातल्या कॅमेऱ्यासमोर खेळाडू बॅट घेऊन पुतळ्यासारखे उभे राहायचे. स्टुडिओत दोरीला चेंडू टांगून 'झेल घेताना' असे फोटो काढायचे. आपल्याकडे लग्नानंतर नवराबायकोला स्टुडिओत नेऊन, मागे ताजमहालाचा पडदा सोडून फोटो काढायचे, त्यातलाच प्रकार.

१८८२ च्या मोसमानंतर ट्रॉयला लीगमधून काढून टाकलं. कारण साधं होतं, गाव लहान आणि गल्ला कमी. त्याच सप्टेंबरात वुस्टर आणि ट्रॉय या दोन जाणाऱ्या संघांचा वुस्टरला सामना झाला, त्याला ६ प्रेक्षक होते असं नोंदलेलं आहे. सहा! आमच्या वाड्यातल्या अंगणात गोट्यांच्या डावाला याहून जास्त गर्दी असायची. ट्रॉयचे बरेचसे खेळाडू पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या नव्या संघात गेले आणि तोच संघ पुढे 'जायंट्स' म्हणून गाजला. थोडक्यात, पाया आमचा आणि माडी न्यूयॉर्कची.

ट्रॉयमध्ये १८५७ साली जन्मलेला एक मुलगा मात्र गाव सोडून खूप मोठा झाला. माईक केली, लोक त्याला 'किंग' केली म्हणत. त्याची खासियत म्हणजे घसरणं. क्रिकेटमध्ये क्रीज गाठायला आपण बॅट पुढे सरकवतो. बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळायचं असतं, म्हणून शेवटच्या क्षणी अंग जमिनीवर झोकून पायाने बेस गाठतात. केलीची ही घसरण इतकी लोकप्रिय होती की तिच्यावर १८८९ मध्ये गाणं निघालं आणि बॉस्टनच्या दारूगुत्त्यांमध्ये तिचं रंगवलेलं चित्र टांगलेलं असे. पण त्या घसरणीचं आज जे उरलं आहे ते गाण्यात आणि चित्रात. तो नेमका कसा घसरत होता, पाय कुठे, चेहरा कसा, धुरळा किती, हे सांगणारा फोटो काढायला लागणारं यंत्र अजून यायचं होतं.

ते यंत्र शतक उलटता उलटता आलं. ग्राफ्लेक्स नावाचा कॅमेरा. इंजिनियर असल्यामुळे मला यात विशेष रस, तेव्हा दोन मिनिटं सहन करा. हा लाकडी खोका, वर चामड्याचं नळकांडं. त्यात डोळे घालून खाली पाहायचं; आत आरशातून समोरचं दृश्य काचेवर दिसतं. खटका दाबला की आरसा वर उचलला जातो आणि प्लेटच्या अगदी पुढून कापडाचा एक पडदा सर्रकन सरकतो. त्या पडद्याला फट असते. फट जितकी अरुंद आणि स्प्रिंग जितकी ताणलेली, तितका उजेडाचा क्षण छोटा. सेकंदाचा हजारावा भागसुद्धा पकडता येई. अडचण एकच, मागे काचेची प्लेट. एक फोटो म्हणजे एक प्लेट. ती काढायची, दुसरी सरकवायची, पडदा पुन्हा ताणायचा. आता बोट दाबून ठेवलं की सेकंदाला वीस फोटो निघतात. तेव्हा विसाव्या फोटोपर्यंत सामना बराच पुढे गेलेला असायचा.

हा खोका ज्याच्या हातात शोभला तो माणूस म्हणजे चार्ल्स कॉनलन. हा आमच्या पंचक्रोशीतलाच. ट्रॉयपासून नदीपलीकडे जेमतेम सात-आठ मैलांवर असलेल्या ऑल्बनीत १८६८ साली त्याचा जन्म झाला. पेशाने तो छायाचित्रकार नव्हताच. न्यूयॉर्कच्या 'ईव्हनिंग टेलिग्राम' या सायंदैनिकात मुद्रितं तपासायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी हौसेने फोटो काढायचा. त्याच वर्तमानपत्रात क्रीडा विभागात जॉन फॉस्टर नावाचा संपादक होता. त्याने सुचवलं की नाहीतरी फोटो काढतोसच, तर बेसबॉलपटूंचे काढ, चार पैसे सुटतील आणि सुट्टीही बरी जाईल. ही १९०४ सालची गोष्ट. कॉनलन तेव्हा छत्तिशीच्या आसपास होता. त्याने त्या वर्षी पोलो ग्राउंड्सवर क्रिस्टी मॅथ्यूसनचा फोटो काढला, आणि मग १९४२ पर्यंत तो थांबलाच नाही. अडतीस वर्षं!

मला यातली 'नोकरी सांभाळून' ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे रेल्वेत कारकुनी करून संध्याकाळी तबला वाजवणारे, एलआयसीत राहून नाटक बसवणारे पुष्कळ पाहिलेत. कॉनलन त्याच जातकुळीतला. मुद्रितशोधकाची नजर त्याच्या फोटोंत दिसते, असं मला वाटतं. बाकीचे चेंडूमागे धावायचे, हा खेळाडूंचे हात टिपायचा. गोलंदाज, म्हणजे त्यांचा पिचर, चेंडू कसा धरतो, बोटं शिवणीवर कुठे, अंगठा कुठे, याचे कितीतरी जवळून घेतलेले फोटो त्याने काढले. चेहरेही तसेच. उन्हाने रापलेले, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडलेले, काही विलक्षण दमलेले. एकाच खेळाडूचा फोटो तो वर्षानुवर्षं काढत राही. ते ओळीने पाहिले की कोवळं पोर हळूहळू बापय्या होताना दिसतो.

पण कॉनलनचं नाव निघालं की लोक एकच फोटो सांगतात.

१९१० चा उन्हाळा. न्यूयॉर्कचं हिलटॉप पार्क मैदान. पाहुणा संघ डेट्रॉइट, त्यात टाय कॉब, त्या काळचा सगळ्यात तिखट खेळाडू. तेव्हा छायाचित्रकारांना थेट मैदानात उभं राहता यायचं. कॉनलन तिसऱ्या बेसजवळ उभा राहून न्यूयॉर्कच्या जिमी ऑस्टिनशी गप्पा मारत होता. कॉब दुसऱ्या बेसवर. फलंदाजाने चेंडू हळूच ढकलायचा पवित्रा घेतला म्हणून ऑस्टिन पुढे सरसावला, तेवढ्यात कॉब निघाला. ऑस्टिन चेंडू घ्यायला मागे वळला आणि कॉब खालून त्याच्यावर येऊन आदळला. ऑस्टिन उडाला, चेंडू निसटला, धुरळाच धुरळा.

कॉनलनने पुढे १९३७ मध्ये 'द स्पोर्टिंग न्यूज' या साप्ताहिकाला ही हकिकत सांगितली. त्याला पहिल्यांदा काळजी वाटली ती ऑस्टिनची, कारण दोघं मित्र. तो लागला तर नाही ना? तो धडपणे उठला हे पाहिल्यावर मग कॅमेरा आठवला. आपण खटका दाबला की नाही? आठवेना. बहुतेक नाहीच, असं त्याला वाटलं. तरीही, असू दे, म्हणून त्याने प्लेट बदलून ठेवली. रात्री अंधाऱ्या खोलीत प्लेट धुतली तर काचेवर सगळं होतं. कॉबचे आवळलेले दात, हवेत उडालेली माती, तोल गेलेल्या ऑस्टिनचं कोपर. डोकं मित्राची काळजी करत होतं आणि बोटाने आपलं काम चोख केलं होतं.

किंग केलीने ट्रॉयमधून नेलेली घसरण, जिचा कधी फोटो निघाला नाही, ती अशी पंचवीस-एक वर्षांनी दुसऱ्याच माणसाच्या पायांतून काचेवर उतरली.

आता गंमत पाहा. जगातला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध बेसबॉल फोटो, पण त्याचं वर्ष कित्येक दशकं १९०९ असं छापलं जात होतं. जुन्या वर्तमानपत्रांतले सामन्यांचे वृत्तांत तपासून अभ्यासकांनी ते १९१० वर आणलं. आयुष्यभर इतरांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या मुद्रितशोधकाच्या सगळ्यात गाजलेल्या फोटोवर चुकीचं साल! फोटो खोटं बोलत नाही म्हणतात, ते खरं असेल. पण तो स्वतःची जन्मतारीखही सांगत नाही.

क्रिकेटवाल्या वाचकांना वाटेल, त्यात काय, आपल्याकडे व्हिक्टर ट्रंपरचा फोटो नाही का? आहे. पुढे झेपावलेला, बॅट मागे उंच नेलेला ट्रंपर. जॉर्ज बेल्डम या इंग्लिश खेळाडूने तो काढला आणि १९०५ च्या पुस्तकात छापला. आपल्या रणजीच्या लेग ग्लान्सचेही फोटो त्याने काढले. फोटो अप्रतिम, पण ते सामन्यातले नव्हेत. बेल्डम खेळाडूंना बाजूला नेऊन फटका मारायला सांगायचा आणि टिपायचा. म्हणजे मुद्रा खरी, क्षण मांडलेला. कॉनलनच्या प्लेटवर क्षणही खरा होता. याचा अर्थ बेल्डम कमी आणि कॉनलन थोर असा नाही. एकाने खेळाचं व्याकरण दाखवलं, दुसऱ्याने खेळाची शिवी ऐकवली, एवढाच फरक.

खेळाचे फोटो काढणाऱ्यांना 'तुमचा आवडता कोणता?' असं विचारलं तर उत्तर बरेचदा अनपेक्षित येतं, हे मला या नादात वाचताना कळलं. नील लायफरचं उदाहरण घ्या. २५ मे १९६५, मेन राज्यातलं लुइस्टन गाव. हेही ट्रॉयसारखंच गिरण्यांचं गाव. मोहम्मद अली पहिल्याच फेरीत सनी लिस्टनला पाडतो आणि त्याच्यावर उभा राहून 'ऊठ' म्हणून ओरडतो. तो फोटो पाहिला नाही असा माणूस विरळा. लायफर तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्या फोटोत अलीच्या दोन पायांमधून पलीकडे एक टकलू छायाचित्रकार दिसतो. तो हर्ब शार्फमन, अनुभवाने थोरला. पण त्याच्या वाट्याला अलीची पाठ आली. लायफरने स्वतःच पुढे सांगितलं आहे की त्या रात्री तो फक्त योग्य बाजूला बसला होता. नशीब आलं तेव्हा चुकला नाही, इतकंच त्याचं श्रेय. गंमत म्हणजे तो फोटो तेव्हा 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठावर आलाही नाही. मोठा झाला तो नंतर.

आणि लायफरचा स्वतःचा आवडता फोटो कोणता? हा नव्हेच. नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनला अली आणि क्लीव्हलंड विल्यम्सची लढत झाली, तिचा छतावरून काढलेला फोटो. पांढऱ्या चौकोनात विल्यम्स आडवा पडलेला आणि अली हात वर करून कोपऱ्याकडे निघालेला, एखाद्या भूमितीच्या आकृतीसारखा. तो कॅमेरा लायफरने आधीच वर दिव्यांच्या चौकटीत बसवला होता आणि खालून चालवला. मला याचं कारण समजतं. अली-लिस्टनचा फोटो नशिबाने दिला; हा त्याने डोक्यात आधी पाहिला आणि मग मिळवला. आपल्याला पोराचं कौतुक कोणत्या मार्कांचं वाटतं? नशिबाने पेपर सोपा आला त्याचं, की रात्र रात्र बसून सोडवलं त्याचं?

तिसरा माणूस नॅट फाइन. हा 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'चा, आणि खेळांचा फोटोग्राफर नव्हताच. १३ जून १९४८ ला नेहमीचा माणूस आजारी म्हणून त्याला यँकी स्टेडियमवर पाठवलं. बेब रूथचा सत्कार होता, त्याचा ३ क्रमांक कायमचा निवृत्त होणार होता. कॅन्सरने पोखरलेला रूथ बॅटचा काठीसारखा आधार घेऊन उभा होता. सगळे छायाचित्रकार समोरून फ्लॅश उडवत होते. फाइन मागे गेला. मागून दिसतो तो फक्त सदऱ्यावरचा ३, वाकलेले खांदे आणि पलीकडे भरलेलं मैदान. चेहरा नाहीच. दोन महिन्यांनी, १६ ऑगस्टला रूथ गेला, आणि पुढच्या वर्षी या फोटोला पुलित्झर मिळालं. माणसाचा चेहरा न दाखवता त्याचा निरोप टिपता येतो, हे समोर उभ्या राहिलेल्यांना सुचलं नाही.

इथपर्यंत सगळं छान छान झालं. आता मला टोचणारी गोष्ट सांगतो.

कॉनलनच्या प्लेटा आणि फिल्म मिळून हजारो निगेटिव्ह वाचल्या. त्या 'स्पोर्टिंग न्यूज'कडे पोचल्या. नील आणि कॉन्स्टन्स मॅकेब या भावाबहिणींनी मूळ निगेटिव्हांवरून १९९३ मध्ये देखणं पुस्तक काढलं, तेव्हा लोकांना या विस्मृत माणसाचं नाव कळलं. तो तर १९४५ मध्येच वारला होता. २०१६ मध्ये सुमारे साडेसात हजार निगेटिव्हांचा लिलाव झाला आणि सतरा लाख डॉलरच्या वर किंमत आली. सुट्टीतल्या वरकमाईसाठी काढलेल्या फोटोंची!

पण ते पुस्तक चाळताना लक्षात येतं की यातल्या मोठ्या लीगच्या संघांत एकही कृष्णवर्णीय अमेरिकन नाही. असणार कसा? कॉनलनने १९०४ ते १९४२ फोटो काढले, आणि जॅकी रॉबिन्सनला दार उघडलं १९४७ मध्ये. कॉनलनने काही गाळलं असं नाही. दारावरच्या माणसाने जे आत सोडलं तेच त्याच्या भिंगासमोर आलं.

आणि हे ट्रॉयमध्ये बसून वाचताना जास्त लागतं. इथे स्टेट स्ट्रीट आणि फर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक फलक आहे. २७ एप्रिल १८६० ला चार्ल्स नॅल नावाच्या पळून आलेल्या गुलामाला इथे पकडलं होतं, आणि हॅरिएट टबमन व तिच्याबरोबरच्या जमावाने अक्षरशः झोंबाझोंबी करून त्याला सोडवून नेलं. त्याच रेन्सेलर-ऑल्बनीच्या टापूत पुढे बेसबॉल बहरला. बड फाउलर नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू याच मुलखात, कूपर्सटाउन गावात लहानाचा मोठा झाला. गोऱ्यांच्या व्यावसायिक संघांतून खेळला, जिथे घेतील तिथे. एका मोसमाहून जास्त कुठे टिकू दिलं नाही असं बऱ्याचदा झालं. १९१३ मध्ये तो वारला. बेसबॉलचं संग्रहालय आणि हॉल ऑफ फेम उभं राहिलं ते नेमकं त्याच कूपर्सटाउनमध्ये, १९३९ साली. आणि फाउलरला तिथे जागा मिळाली २०२२ मध्ये. स्वतःच्या गावातल्या घरात शिरायला त्र्याऐंशी वर्षं. एका संघाच्या सामूहिक फोटोत तो उभा दिसतो. तो चेंडू कसा धरायचा, कसा घसरायचा, याची काच कुणी भिजवली नाही.

हे वाचताना मला सारखा आपला पालवणकर बाळू आठवतो. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखायच्या नोकरीवर होता. साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकता टाकता हिंदुस्थानातला आपल्या काळचा सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. सामन्यात त्याचा चेंडू चालायचा, चहाला मात्र त्याला मंडपाबाहेर वेगळं भांडं. १९११ मध्ये हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूने शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते पुढे त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. बाळूचे फोटो आहेत, पण आपल्या ओळखीचे आहेत ते बहुतेक संघाबरोबर बसलेले-उभे राहिलेले. त्याच वर्षांत न्यूयॉर्कमध्ये एक मुद्रितशोधक पिचरच्या एकेका बोटाचा फोटो काढत होता. बाळूच्या डाव्या हाताची बोटं शिवणीवर कशी बसायची ते दाखवणारी तशी मालिका आपल्याकडे नाही. तो वारला १९५५ मध्ये, म्हणजे कॅमेरे येऊन घरोघर पोचायच्या बेतात असताना.

खाशाबा जाधवांचंही तसंच. २३ जुलै १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात त्यांची कुस्ती नाही; मनात आहे ती गोळेश्वरची, शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक, तीही ऐकलेली. आणि कपिलच्या टनब्रिज वेल्सच्या १७५ धावा? १८ जून १९८३ ची ती खेळी टीव्हीने टिपलीच नाही. ती आपण एकमेकांना सांगून सांगूनच जिवंत ठेवली आहे, जशी बॉस्टनच्या लोकांनी केलीची घसरण गाण्यात ठेवली.

ट्रॉयचीच एक शेवटची गोष्ट. जॉनी एव्हर्स, १८८१ मध्ये इथे जन्मलेला, काटकुळा, भांडखोर, नियमांचं पुस्तक पाठ असलेला. शिकागो कब्जचा खेळाडू. कॉनलननेही त्याचे फोटो काढले आहेत; हनुवटी पुढे, आता वाद घालील असा. २३ सप्टेंबर १९०८ ला न्यूयॉर्कमध्ये जायंट्सची विजयी धाव झाली म्हणून लोक मैदानात घुसले. पहिल्या बेसवरचा एकोणीस वर्षांचा फ्रेड मर्कल दुसऱ्या बेसला पाय न लावताच तंबूकडे पळाला, तेव्हा सगळे तसंच करत. एव्हर्सने ते पाहिलं, चेंडू मागवला, बेसवर उभा राहिला आणि पंचांकडे दाद मागितली. मर्कल बाद, धाव रद्द, सामना बरोबरीत. पुढे तो पुन्हा खेळवला, शिकागो जिंकलं आणि विश्वविजेतंही झालं. त्यानंतरचं विजेतेपद त्यांना २०१६ मध्येच मिळालं.

एव्हर्सच्या हातातला चेंडू खरा सामन्यातला होता की दुसराच कुठला, यावर प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षी आजही जुळत नाहीत. जायंट्सच्या एकाने खरा चेंडू गर्दीत भिरकावला होता म्हणतात. हजारो डोळे पाहत होते, पण डोळ्यांना निगेटिव्ह नसते. बिचाऱ्या मर्कलला 'बावळट' हे विशेषण आयुष्यभर चिकटलं. एका हजारांश सेकंदाची एक काच असती, तर कदाचित त्याचं आयुष्य वेगळं गेलं असतं. किंवा नसतंही.

म्हणून मला आता फोटो पाहताना दोन प्रश्न पडतात. पहिला, काढणारा कुठे उभा होता? दुसरा, फाटकाबाहेर कोण उभं होतं? पहिल्याचं उत्तर फोटोतच असतं. दुसऱ्यासाठी फोटोबाहेर बघावं लागतं.

तुम्हा मंडळींना एवढंच सांगतो. तुमच्या गावच्या कुस्तीच्या फडाचे, कबड्डीच्या ढालीचे, शाळेच्या खो-खो संघाचे फोटो कुणाच्या तरी ट्रंकेत, कुणाच्या भिंतीवर, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या माळ्यावर असतील. ते उतरवा. मागे पेन्सिलीने नावं, गाव आणि साल लिहा. कडेला उभ्या असलेल्या, पाणी देणाऱ्या पोराचंही नाव लिहा. सांगणारी म्हातारी माणसं आहेत तोवरच हे होईल. कॉबच्या फोटोचं साल दुरुस्त करायला वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली तरी होत्या. आपल्या यात्रेतल्या कुस्त्यांच्या फायली कुणी ठेवलेल्या नाहीत.